कलर फिल्मचे वेगवेगळे स्टॉक वापरून बघताना: रंग फिल्मचा की स्कॅनरचा?

रंगपेटी

मंडळी, हा विषय काढायचा बरेच दिवस डोक्यात होता. कलर फिल्मवर फोटो काढणारे दोघं भेटले की पाचव्या मिनिटाला स्टॉकवर, म्हणजे फिल्मच्या प्रकारावर, गाडी येतेच. कोडॅकच्या पोर्ट्राला स्किन टोन भारी, गोल्ड जरा पिवळट, एक्टारचा लाल भडक, फुजीचा हिरवा वेगळाच वगैरे. यात तथ्य आहेच, पण माझं ठाम मत असं झालंय की यातलं निम्मं आपण फिल्म बघून नाही तर स्कॅन बघून ठरवतो, आणि मग तो स्कॅन ज्या मशीनवर, ज्या सेटिंगला झाला त्याचं सगळं श्रेय नाहीतर खापर बिचाऱ्या फिल्मवर.

म्हणून सगळं एकसारखं ठेवून बघायचं ठरवलं. चुना दिलेली पांढरी भिंत, तिच्यासमोर लाल स्वेटर घालून बसलेली बहीण, शेजारी कुंडीतलं गर्द हिरवं झाड. थेट ऊन नाही, मोकळ्या सावलीतला उजेड. बॉडी तीच, लेन्स तीच, आणि प्रत्येक रोलची पहिली फ्रेम ग्रे कार्डची (रंगांना संदर्भ म्हणून धरायचा राखाडी पुठ्ठा). गोल्ड २००, पोर्ट्रा ४०० आणि एक्टार १००, तिन्हीवर तीच फ्रेम एक स्टॉप अंडरपासून (उजेड निम्मा) तीन स्टॉप ओव्हरपर्यंत (उजेड आठपट). सगळे रोल एकाच लॅबमध्ये एकाच वेळी धुवायला दिले, त्यांच्याकडूनच स्कॅन करून घेतले आणि नंतर त्याच नेगेटिव्ह घरी लाईट टेबलवर ठेवून डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सने मी स्वतः स्कॅन केल्या.

लॅबच्या स्कॅनमध्ये पोर्ट्राची नॉर्मल फ्रेम आणि दोन ओव्हरची फ्रेम शेजारी ठेवली तर वेगळी ओळखताच येत नाही, कारण मशीन प्रत्येक फ्रेम आपापल्या परीने सरळ करत बसतं. गोल्ड आणि पोर्ट्रातला फरकही इतका पुसट की नावं झाकली तर सांगता येणार नाही. घरच्या स्कॅनला मात्र व्हाईट बॅलन्स, एक्सपोजर आणि इन्व्हर्जन (नेगेटिव्हचे रंग उलटवणं) सगळं लॉक केलं होतं, आणि तिथे तीन फिल्म तीन वेगळ्या वाटल्या. सगळ्यात जास्त कळलं ते हनुवटीखालच्या सावलीत. पोर्ट्रात ती सावली त्वचेच्याच रंगाची पण गडद. गोल्डमध्ये थोडी तपकिरी, पिवळ्याकडे झुकलेली. आणि एक्टारच्या एक स्टॉप अंडर फ्रेममध्ये तीच सावली सरळ निळसर, गाल मात्र लालबुंद. एकाच चेहऱ्यावर वर लाल आणि खाली निळा.

तुमचा अनुभव काय? आणि स्टॉकची तुलना करताना स्कॅनचं काय करता?

---

जुनी_लेन्स

फार चांगला विषय. लॅबच्या मशीनबद्दल १००% सहमत. फुजीचं फ्रंटियर आणि नोरित्सू, बहुतेक लॅबमध्ये या दोनपैकीच एक असतं आणि एकच नेगेटिव्ह दोन्हीकडून काढली तर रंग आणि काँट्रास्ट दोन्ही वेगळे येतात. त्यात वर चालवणारा माणूस प्रत्येक फ्रेमला आपल्या नजरेने रंग कमीजास्त करणार. नेटवर पोर्ट्राचे म्हणून जे पीच रंगाचे हलके हलके फोटो फिरतात त्यात फिल्म किती, ओव्हर एक्सपोजर किती आणि मशीन किती हे वेगळं करणं जवळपास अशक्य आहे.

पण एक सांगतो, म्हणून फिल्मला स्वतःचा रंगच नसतो या टोकाला कोणी जाऊ नये. फिल्ममधला प्रत्येक थर कुठल्या रंगाला किती संवेदनशील आहे, डाय म्हणजे रंगद्रव्यं कुठली वापरलीत, प्रत्येक थराचा कर्व्ह (कमीजास्त उजेडाला तो कसा प्रतिसाद देतो) कसा आहे हे फॅक्टरीत ठरतं आणि ते स्कॅनमध्ये स्लायडर फिरवून हवं तसं बदलत नाही.

---

सहज_एक

मी यात अगदी नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. नेगेटिव्ह केशरी का असते? आणि तो केशरीपणा काढून टाकला की झालं ना, मग रंगांचा एवढा गोंधळ का होतो?

---

अंधारखोली

@सहज_एक, बाळबोध अजिबात नाही, सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे.

कलर नेगेटिव्हमध्ये तीन थर असतात. सगळ्यात वरचा निळ्या प्रकाशाचा, मधला हिरव्याचा, खालचा लालचा. डेव्हलप झाल्यावर त्यात अनुक्रमे पिवळा, मजेंटा आणि सायन डाय तयार होतो. आता मजेंटा डायने फक्त हिरवा प्रकाश अडवावा अशी अपेक्षा, पण प्रत्यक्षात तो थोडा निळाही अडवतो. सायनने फक्त लाल अडवावा, तो थोडा हिरवा आणि निळाही अडवतो. म्हणजे रंगात भेसळ. यावर उपाय असा की ज्या कपलरपासून हे डाय बनतात ते कपलरच मुळात रंगीत ठेवायचे, मजेंटाचा पिवळसर, सायनचा गुलाबीसर. जिथे डाय तयार झाला तिथे कपलरचा रंग खर्ची पडतो, जिथे नाही झाला तिथे शिल्लक राहतो. एकूण हिशेब असा बसतो की ती भेसळ सगळ्या फ्रेमवर सारखी पसरते, आणि सारखी पसरलेली गोष्ट प्रिंट करताना किंवा स्कॅन करताना एकदम वजा करता येते. तोच तो केशरी मास्क.

म्हणजे केशरी रंग नुसता काढून टाकायचा नसतो, तो नेमका वजा करायचा असतो, तिन्ही चॅनलमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात. इथे थोडं इकडे तिकडे झालं की गोल्ड हिरवी दिसते आणि पोर्ट्रा गुलाबी. म्हणून स्कॅन करताना दोन फ्रेमच्या मधली कोरी पट्टी प्रत्येक रोलची घ्याच, मास्कचा संदर्भ तिथूनच मिळतो.

स्लाईडला, म्हणजे जिच्यावर चित्र उलट न होता सरळ रंगांत उमटतं त्या फिल्मला, मास्क नसतो कारण ती थेट डोळ्यांनी बघायची असते.

---

उन्हसावली

अंधारखोली, किती सोपं करून सांगितलंत, वाचनखूण साठवली.

मी स्लाईडवालीच. रंगपेटीताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका वाक्यात म्हणजे फिल्मचा खरा रंग बघायचाय ना तर एक रोल स्लाईडचा काढा, धुवून आला की लाईट टेबलवर ठेवा आणि वरून भिंग लावा. मध्ये कोणीच नाही, ना स्कॅनर ना सॉफ्टवेअर. प्रोव्हिया १००एफ आणि व्हेल्व्हिया ५० एकाच दृश्याच्या शेजारी शेजारी ठेवल्या की स्टॉक म्हणजे काय ते कोणी समजावून सांगावं लागत नाही. पावसानंतरचं गवत प्रोव्हियात गवतासारखं दिसतं, व्हेल्व्हियात त्यात पिवळं-हिरवं काहीतरी पेटल्यासारखं होतं, आणि लांबच्या डोंगराच्या सावलीत प्रोव्हिया निळी राहते तर व्हेल्व्हिया जांभळटाकडे जाते. व्हेल्व्हिया १९९० ला आली तेव्हापासून निसर्गाचे फोटो काढणारे तिच्यामागे का लागले ते त्या एका स्लाईडवरून कळतं. माणसांसाठी मात्र नको. गोरा सावळा कुठलाही चेहरा असो, लालसर होतो.

कोडॅकची एक्टाक्रोम ई१०० पण बघा, २०१२ ला एक्टाक्रोम बंद केली होती आणि २०१८ ला परत आणली. रंग स्वच्छ, न्यूट्रल, थोडा थंड कल. मला तरी चेहऱ्यांसाठी स्लाईडमध्ये तीच आवडते.

फक्त एक्सपोजरला माफी नाही. नेगेटिव्ह दोन-तीन स्टॉप ओव्हर सहज पोटात घालते, स्लाईडला अर्धा स्टॉप जास्त झाला की पांढरी भिंत कोरी फिल्म होऊन जाते आणि ती कोणी परत आणू शकत नाही. म्हणून स्लाईडला हायलाईटचं मीटरिंग, नेगेटिव्हला शॅडोचं.

---

जुनी_लेन्स

+१, आणि लाँग एक्सपोजर करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे या दोन फुजी एकदम वेगळ्या वागतात. प्रोव्हिया १००एफ ला १२८ सेकंदांपर्यंत काहीच करेक्शन लागत नाही. व्हेल्व्हिया ५० ला ४ सेकंदांपासूनच एक तृतीयांश स्टॉप जास्त आणि सोबत ५एम मजेंटा फिल्टर, नाहीतर हिरवी झाक येते. हे फुजीच्याच डेटाशीटमध्ये दिलेलं आहे. संध्याकाळी ट्रायपॉड लावून बसणाऱ्याने निव्वळ या एका कारणासाठी प्रोव्हिया घ्यावी असं माझं मत.

---

टंगस्टन

मी रात्रीचा माणूस, त्यामुळे माझी बाजू मांडतो. सिनेस्टिल ८००टी वर इथे अजून कोणी बोललं कसं नाही?

ही मूळची कोडॅकची सिनेमाची फिल्म, व्हिजन३ ५००टी. सिनेमाच्या फिल्मला पारंपरिकपणे मागे कार्बनचा काळा थर असतो, रेमजेट म्हणतात त्याला. तो स्थिर वीज आणि ओरखड्यांपासून वाचवतो आणि शिवाय फिल्मच्या आरपार गेलेला प्रकाश मागच्या मागे गिळून टाकतो. सिनेस्टिलवाले तो थर आधीच काढून टाकतात म्हणजे फिल्म कलर नेगेटिव्हच्या साध्या सी-४१ प्रोसेसमध्ये धुता येते. पण मग आरपार गेलेला प्रकाश कॅमेऱ्याच्या प्रेशर प्लेटवरून परत येतो आणि मागून येताना पहिला थर कुठला लागतो? वर अंधारखोलींनी सांगितलंच, सगळ्यात खाली लालचा थर. म्हणून दिव्याभोवती ते लाल वलय, निळं नाही हिरवं नाही, लालच. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण तोपर्यंत मी ते कुठलंतरी इफेक्टचं केमिकल समजत होतो.

आणि ही फिल्म ३२०० केल्विनच्या पिवळ्या बल्बसाठी बॅलन्स केलेली आहे. दिवसा वापरली तर सगळं निळं. त्यावर ८५बी फिल्टर लावायचा, दोन तृतीयांश स्टॉप जातो म्हणजे ८०० ची ५०० धरायची. उलट डेलाईट फिल्म बल्बच्या उजेडात वापरायची तर ८०ए निळा फिल्टर, त्यात तब्बल दोन स्टॉप जातात, त्यामुळे कोणी लावत नाही आणि मग स्कॅनमध्ये निळा खेचत बसतात.

---

रंगपेटी

टंगस्टन, त्या शेवटच्या मुद्द्याला धरूनच सांगते. पिवळ्या बल्बखाली डेलाईट फिल्म वापरली की निळ्याच्या थराला उजेडच मिळत नाही, म्हणजे तो थर एकटा अंडर झालेला असतो. नंतर स्कॅनमध्ये निळा कितीही ओढा, तिथे ग्रेनशिवाय (दाणेदारपणाशिवाय) काही नसतं. अशा उजेडात मी पोर्ट्रा ४०० असो की गोल्ड, एक स्टॉप जास्तच देते, तेवढ्याने निळ्या थरात काहीतरी नोंदलं जातं आणि दुरुस्त करायला हाताशी माल राहतो. हा फरक मोठा आहे, करून बघाच.

---

सहज_एक

वरचं वाचून मी हार्मन फिनिक्सचा रोल धुवायला दिला होता तो आला. नेगेटिव्ह केशरी नाहीच आहे, जांभळट दिसतेय! आणि स्कॅन तर फारच काँट्रास्टी, सावल्या काळ्याकुट्ट, खिडकीच्या कडेला लाल-केशरी झाक. फिल्म खराब निघाली का?

---

अंधारखोली

नाही नाही, फिनिक्स २०० तशीच आहे. वर जो मास्क समजावला तो हिच्यात नाही. हार्मन म्हणजे इलफोर्डच्या कृष्णधवल फिल्म बनवणारे लोक, २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ही पहिली कलर फिल्म काढली. आरपार गेलेला प्रकाश गिळणारा थर, म्हणजे अँटिहॅलेशनही कमी आहे म्हणून खिडकीची कड पेटते. लॅबचं मशीन केशरी मास्क गृहीत धरून चालतं, त्याला ही जांभळट फिल्म दिली की ते भलतंच काहीतरी वजा करतं. लॅबला फ्लॅट (कमी काँट्रास्टचा) स्कॅन मागा किंवा स्वतः कॅमेऱ्याने स्कॅन करा, सावल्यांमध्ये बरंच काही सापडेल. ओआरडब्ल्यूओची एनसी५०० घेतलीत तर तिथेही असंच, मास्क नाही आणि रंग फिके, हिरवट.

मला या नव्या फिल्मबद्दल मनापासून आपुलकी वाटते. इतकी वर्षं आपण एकामागून एक स्टॉक बंद झाल्याच्याच बातम्या ऐकतोय. फुजीची प्रो ४००एच, चौथा रंगथर असलेली, ट्यूबलाईटखालीसुद्धा रंग सांभाळणारी, २०२१ च्या जानेवारीत बंदच केली त्यांनी, त्या चौथ्या थराचा कच्चा माल मिळणं अवघड झालं म्हणून. आणि कोडॅकची जुनी स्लाईड फिल्म कोडाक्रोम तर कोणी आणायची म्हटली तरी यायची नाही. तिच्यात कपलरच नव्हते, रंग सगळे धुताना घालायचे, आणि ती के-१४ प्रोसेस करणारी शेवटची लॅब, अमेरिकेतली ड्वेन्स, ३० डिसेंबर २०१० ला रोल घ्यायची थांबली. नंतर कोणाच्या कपाटात सापडलेला कोडाक्रोमचा रोल आज धुवायचा तर फार तर कृष्णधवलमध्ये. अशा काळात कोणी शून्यापासून कलर इमल्शन बनवतंय म्हटल्यावर त्याच्या ग्रेनला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

---

जुनी_लेन्स

अगदी.

---

उन्हसावली

कोणी घरी सी-४१ करतं का? ऐकलंय की धुण्यातल्या फरकानेसुद्धा रंग बदलतात, मग तुलना करताना तेही आलंच की.

---

अंधारखोली

हो, मी घरीच करतो. डेव्हलपर ३७.८ अंश आणि ३ मिनिटं १५ सेकंद, आणि तापमान कोडॅकच्या हिशेबाने ०.१५ अंशाच्या आत धरायचं. तेवढं काटेकोर घरी साधायला चांगला वॉटर बाथ लागतो. तापमान किंवा वेळ घसरली तर तिन्ही थर सारख्या वेगाने घसरत नाहीत, एक पुढे जातो एक मागे राहतो, आणि मग क्रॉसओव्हर येतो म्हणजे शॅडो हिरवट तर हायलाईट मजेंटा असं काहीतरी. शॅडो सरळ करायला गेलात की हायलाईट अजून बिघडतो. त्यामुळे दोन स्टॉकची तुलना करायची तर एकाच टाकीत, एकाच केमिकलमध्ये, एकाच वेळी धुवा. सी-४१ मध्ये सगळ्या स्टॉकची वेळ एकच असते त्यामुळे गोल्ड आणि पोर्ट्रा एकत्र टाकायला काही अडचण नाही.

रेमजेट असलेली सिनेमाची फिल्म मात्र चुकूनही लॅबच्या सी-४१ मशीनला देऊ नका, तो काळा थर सगळ्या टाक्या घाण करतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या रोलवर चिकटतो.

---

टंगस्टन

हे फार महत्त्वाचं. विचारल्याशिवाय द्यायचीच नाही.

रंगपेटी, तुमच्या टेस्टमध्ये तीन स्टॉप ओव्हरला काय झालं ते सांगितलंच नाहीत की!

---

रंगपेटी

हो राहिलंच ते. पोर्ट्रा ४०० तीन ओव्हरलासुद्धा भिंतीचा पोत धरून होती, चुन्याचे ब्रशचे फराटे दिसतात, फक्त नेगेटिव्ह इतकी दाट की स्कॅनला एक्सपोजर बरंच वाढवावं लागलं. मला सगळ्यात आवडली ती एक ओव्हरची फ्रेम, शॅडोत ग्रेन कमी आणि स्वेटरच्या लाल रंगात विणीचे टाके वेगवेगळे दिसतात. गोल्ड दोनपर्यंत उत्तम, तीनला भिंत पिवळी पडायला लागली आणि लाल रंग एकसंध गोळा झाला. एक्टारला मी एक ओव्हरच्या पुढे जाणार नाही, दोनलाच गाल पार टोमॅटो. पण तिच्याच नॉर्मल फ्रेममधलं कुंडीतलं झाड बाकी दोघींना जमलेलं नाही, प्रत्येक पानाचा हिरवा वेगळा आणि ग्रेन शोधून सापडत नाही. एक्टार माणसांची फिल्म नाही एवढंच, झाडं, भिंती, गाड्या, समुद्र यासाठी ती बेस्ट आहे आणि मीटर नीट धरला तर निळी सावलीही येत नाही.

---

सहज_एक

खूप शिकायला मिळालं सगळ्यांकडून. मग माझ्यासारख्याने सुरुवातीला काय करावं, दर रोलला वेगळी फिल्म की एकच धरून बसावं?

---

जुनी_लेन्स

एकच धर, निदान वेगवेगळ्या उजेडात तिची ओळख होईपर्यंत. कडक ऊन, ढगाळ, सावली, संध्याकाळ, बल्ब. पहिली फ्रेम ग्रे कार्डची आणि सुरुवातीला प्रत्येक उजेडात एक नॉर्मल, एक ओव्हर, एक अंडर. कुठल्या फ्रेमला काय दिलं ते वहीत लिही, फोनमध्ये लिहिलंस तरी चालेल पण लिही. फिल्म कुठलीही घे, गोल्ड, अल्ट्रामॅक्स, जी तुला सतत मिळेल ती. फिनिक्स थोडी नंतर, कारण ती काय करते हे कळायला आधी मास्कवाली साधी फिल्म काय करते ते डोळ्यात बसलेलं हवं.

एक्सपायर झालेले रोल कोणी प्रेमाने दिले तर घे, पण तुलनेत धरू नको. दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त द्यायचा असा अंदाज लोक नेगेटिव्हसाठी वापरतात, पण तो रोल फ्रीजमध्ये होता की गाडीच्या डिकीत यावर सगळं अवलंबून. तिन्ही थर वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होतात.

---

उन्हसावली

फ्रीजचं निघालंच आहे तर, बाहेर काढलेला रोल लगेच डबीतून काढायचा नाही, बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर आत दव धरतं. आणि काढून झालेला रोल महिनोन्महिने कॅमेऱ्यात ठेवू नका, न धुतलेल्या फिल्मवरचे रंगही हळूहळू सरकतात.

विमानाने जाणाऱ्यांना एक प्रश्न, ते नवे सीटी स्कॅनर आलेत हँडबॅगेजला, त्यातून ४०० ची फिल्म गेली तर चालते का?

---

टंगस्टन

नाही, सीटीतून कुठलीच न धुतलेली फिल्म घालू नका, कोडॅकनेही तसंच सांगितलंय. चेक-इनच्या सामानात तर नाहीच नाही. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा, पिशवी वरच ठेवा आणि रांगेत पुढे गेलात की आधीच हाताने तपासायला सांगा. मी वर एक ८०० चा रोल ठेवतो, तो दाखवला की समजावणं सोपं जातं.